अन्व्याचे देवालय आणि कॅमेऱ्याचे दप्तर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मध्ययुगीन आर्मेनियाच्या आनी या उजाड राजधानीची भग्न प्रार्थनामंदिरे ओहानेस कुर्कजियान हा छायाचित्रकार काचपट्टीवर टिपीत असता, इकडे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स दख्खनच्या जीर्ण देवालयांची तशीच नोंद करीत होते.

कझेन्स यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या, दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात, तत्कालीन निजामी अंमलातील औरंगाबाद जिल्ह्यात आणि १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील देवालय समाविष्ट आहे.

मूळचे वैष्णव, परंतु आज शिवोपासनेचे असलेले हे मंदिर बाह्यभिंतींवरील विष्णूच्या स्त्रीरूप शक्तिमूर्तींमुळे विशेष मानले जाते. अशा देवालयांत पुढे कालौघात वा जीर्णोद्धारात काय पालटले, याचा निर्वाळा देणारा दस्तऐवज म्हणून त्या काळी टिपलेल्या जुन्या छायाचित्रांचे मोल असाधारण ठरते.