साखर सोडली, मध धरला... मग शुगर का वाढली?



मागच्या पालकसभेला एका मुलाची आजी आली होती. म्हणाली, "बाई, डायबेटीस आहे म्हणून साखर बंदच केली. चहात दोन चमचे मध घालते, जव्हारकडचा, रानातला. तरी रिपोर्ट वाढलेलाच!" आपल्या बोईसर-पालघरच्या किती घरांत असंच चालतं, आठवून बघा.

दुसऱ्या दिवशी वर्गात वजनाचा पाठ होता. घरचा छोटा काटा नेला. सपाट चमचाभर साखर भरली ४ ग्रॅम, त्याच चमच्याने मध ७ ग्रॅम! मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं, बाकी जवळजवळ सगळी साखरच, म्हणजे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. हिशेब केला तर चमचाभर मधात साडेपाच ग्रॅमहून जास्त साखर. म्हणजे आजींची साखर सुटली नव्हती, उलट वाढली होती.

"पण मध नैसर्गिक ना?" हो, पण ऊसही शेतातच उगवतो की! मधाने रक्तातली साखर थोडी सावकाश चढते हे खरं, पण फरक फार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या सूचनांत मधातली साखर आपल्या डब्यातल्या साखरेच्याच गटात धरली आहे. मध अस्सल असला तरी हिशेब हाच. (आणि पाण्यात थेंब सोडून अस्सलपणा कळत नाही, बरं का.)

मध खरा उपयोगी पडतो तो साखर एकदम उतरल्यावर. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणारा माणूस तारापूर एमआयडीसीत शिफ्टला गेला, जेवण लांबलं, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, शुगर ७० च्या खाली आली, तर मोठा चमचाभर मध लगेच द्यावा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. कारण साधं आहे, ती साखरच आहे! शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आजींना दोन्ही चमचे काट्यावर दाखवले. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी विचारलं होतं, गोड खाता का? मी नाही म्हटलं. मधाचं सांगितलंच नाही." पुढच्या तपासणीला तेवढं सांगायचं त्यांनी कबूल केलंय.