हनन्या उठून गेला

वाचकहो, संत पौलाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांपैकी तेरा पत्रे त्याच्या नावावर आहेत. पण आज सांगायचे आहे ते हनन्या नावाच्या एका साध्या माणसाविषयी. हा दिमिष्कचा रहिवासी. दिमिष्क म्हणजे सीरिया देशाची राजधानी, दमास्कस.

पौलाचे पहिले नाव शौल. तार्स गावचा, तंबू करण्याचा धंदा जाणणारा, यरुशलेमात गमलिएल गुरुजींच्या पायाशी बसून धर्मशास्त्र शिकलेला. स्तेफनाला लोकांनी दगडांनी ठेचून मारले, तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे सांभाळीत हा उभा होता. मनाने दुष्ट होता असे नव्हे हो. आपण देवाचेच काम करीत आहो अशी त्याची पक्की खात्री होती. अशी खात्री फार भयंकर असते. प्रमुख याजकाकडून पत्रे घेऊन ख्रिस्ताच्या शिष्यांना बांधून आणायला तो दिमिष्ककडे निघाला. दोनशे किलोमीटरांहून लांबची वाट! शहराजवळ येताच आकाशातून प्रकाश पडला, वाणी ऐकू आली, आणि डोळे गेले. सोबत्यांनी हाताला धरून त्याला गावात नेले. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही.

इकडे हनन्याला दर्शनात आज्ञा झाली: नीट नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी जा आणि शौलाच्या डोळ्यांवर हात ठेव.

आता बघा, हनन्या काय करतो. तो लगेच उठत नाही. प्रभूलाच समजावू लागतो, की या माणसाने यरुशलेमात काय काय केले ते मी ऐकले आहे, इथेही लोकांना बांधून न्यायचा अधिकार तो घेऊन आला आहे. यात खोटे काय होते? भीती अगदी वाजवी होती. आणि प्रभूही त्याला रागावत नाही. तो एवढेच सांगतो की, जा, हा मी निवडलेला माणूस आहे, पुढे यालाच माझ्यासाठी पुष्कळ सोसावे लागणार आहे. तुला काही होणार नाही, असे वचन मात्र त्या बोलण्यात कुठे सापडत नाही.

आणि हनन्या गेला.

ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात ती हीच. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. योग्यता पाहून दिले ते वेतन. न पाहता दिले ती कृपा. शौलाने काय कमावले होते? नुसता धाक. पुढे तो स्वतःच लिहितो की मी प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ, कारण मी मंडळीचा छळ केला.

धर्मांतर म्हटले की आपल्याला नाव बदलणे, जात सुटणे आठवते. नव्या करारातला ‘मेटानोइया’ हा शब्द मन फिरण्याविषयी आहे. ते एका क्षणातच फिरते असेही नाही. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात नवा करार मिळाला १८९३ साली, आणि बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईस. मधला काळ वाचनाचा, वादाचा. लक्ष्मीबाईंना तर आणखी कितीतरी वर्षे लागली.

पण मला विचाराल तर त्या दिवशी दिमिष्कात दोन मने फिरली. एक शौलाचे, दुसरे हनन्याचे. घरात शिरून आंधळ्या माणसावर हात ठेवताना त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “भाऊ”. ज्याच्या नावाने सकाळी थरकाप होत होता, त्याला भाऊ!

शौलाच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखे काही गळून पडले. तो उठला, त्याने बाप्तिस्मा घेतला, मग चार घास खाल्ले. हनन्याची गोष्ट पुढे फारशी येत नाही. पुष्कळ वर्षांनी यरुशलेमात खवळलेल्या जमावापुढे उभा राहून पौल आपली हकीगत सांगतो, तेवढ्यापुरते त्याचे नाव पुन्हा येते.