विश्लेषण : रक्त गाळून संसर्ग रोखता येतो का?

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आणि प्रभावी औषध नसलेले विषाणू यांच्यावर उपाय म्हणून रक्तातील जंतू किंवा त्यांची विषे थेट गाळणारी उपकरणे विकसित होत आहेत. पण त्यांनी रुग्ण वाचतात का?

गरज का भासली?

एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. सेप्सिसमध्ये संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसादच अवयव निकामी करतो. केवळ औषधे तेथे अनेकदा अपुरी पडतात.

उपकरण काम कसे करते?

डायलिसिसप्रमाणेच रक्त नळीवाटे बाहेर काढून गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. फरक आहे तो गाळणीत. अमेरिकेतील ‘हिमोप्युरिफायर’मध्ये स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातील लेक्टिन हे प्रथिन असते, ते विषाणूच्या आवरणावरील शर्करेला धरून ठेवते. ‘सेराफ १००’मध्ये हेपारिनचा लेप दिलेले मणी असतात. अनेक जंतू आपल्या पेशींवरील हेपारिनसारख्या रेणूंना चिकटतात, त्याच सवयीचा हा सापळा. जपानचे ‘टोरेमिक्सिन’ जंतूंऐवजी जिवाणूंचे एण्डोटॉक्सिन हे विष टिपते.

आतापर्यंतचा अनुभव काय?

२०१४ मध्ये फ्रँकफर्टमध्ये इबोलाच्या अत्यवस्थ रुग्णावर हिमोप्युरिफायर वापरले गेले. रुग्ण बरा झाला. मात्र इतर उपचारही सुरू असल्याने श्रेय एकट्या उपकरणाला देता येत नाही. टोरेमिक्सिनच्या ४५० रुग्णांवरील चाचणीत (२०१८) २८ दिवसांतील मृत्युदर लक्षणीयरीत्या घटला नाही. रक्तातील दाहकारक सायटोकाइन गाळणाऱ्या ‘सायटोसॉर्ब’ला अमेरिकेत करोनाकाळात आपत्कालीन परवानगी मिळाली होती. जर्मनीत एक्मोवरील ३४ करोना रुग्णांच्या छोट्या चाचणीत मात्र ते वापरलेल्या १७ पैकी तिघेच ३० दिवसांनंतर हयात होते. न वापरलेल्या १७ पैकी १३.

अडचण कुठे आहे?

रक्त स्वच्छ झाले तरी फुप्फुस, यकृत अशा अवयवांत जंतू वाढतच राहतात. गाळणीला चांगले-वाईट नेमके ओळखता येत नाही. काही प्रतिजैविके आणि उपयुक्त घटकही तिच्यात अडकू शकतात. शिवाय कोणत्या रुग्णाला, कोणत्या टप्प्यावर ती लावावी, याचे ठोस निकष नाहीत. त्यामुळे गाळणीत किती जंतू अडकले यापेक्षा किती रुग्ण वाचले, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध होणे महत्त्वाचे.