खिशातला कॅमेरा: २८, ३५ की ४०?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना होणारी पुनरुक्ती वाचताना नको, म्हणून काढली आहे.)

मागच्या भागात सेन्सरच्या आकाराबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "खिशात मावेल असा, एकाच लेन्सचा कॅमेरा घ्यायचाय. २८ घेऊ, ३५ घेऊ की ४०?"

प्रश्न तीन आकड्यांचा वाटतो, पण या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नाही आणि झूमही होत नाही. आज जो आकडा निवडाल, त्याच्यासोबत पुढची पाच-सात वर्षं काढायची. आणि आपल्यापैकी बहुतेकांना असा कॅमेरा एकदाच परवडतो. कापसाचे किंवा मोसंबीचे पैसे हातात आले, त्यातून बाजूला काढले, तेव्हा कुठे जमतं.

मी घनसावंगीचा, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच देणार. या विषयावर बोलणारे बरेच जण टोकियो किंवा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून बोलतात. तिथली अंतरं वेगळी, आपली वेगळी. आणि हा सगळा प्रश्न मुळात अंतराचाच आहे.

झूम का नाही?

सेन्सर मोठा ठेवला आणि त्यावर चांगली झूम लेन्स बसवली, तर लेन्स मोठी होते. मग कॅमेरा खिशात राहत नाही. एकच फोकल लेन्थ ठेवली की लेन्स लहान होते. रिकोचा जीआर थ्री २०१९ साली आला. त्याची लेन्स २८ मिमीची. २०२१ साली आलेला जीआर थ्री एक्स जवळपास तसाच, फक्त लेन्स ४० मिमीची. दोन्हींचं वजन साधारण २६० ग्रॅम, बंडीच्या खिशात सहज बसतात. फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेची लेन्स ३५ मिमीची, पण २०२४ चा एक्स १०० सिक्स ५०० ग्रॅमच्या वर जातो. तो जॅकेटच्या खिशातला कॅमेरा म्हणायचा.

हे सगळे आकडे फुल फ्रेमच्या हिशोबाने आहेत. जीआर थ्रीच्या लेन्सवर १८.३ मिमी लिहिलेलं दिसेल. सेन्सर लहान असल्यामुळे ती २८ सारखं दृश्य देते, एवढंच.

एक हिशोब पाठ करा

कॅमेरा आडवा धरा. ३५ मिमीची लेन्स असेल, तर तुम्ही जितके फूट लांब उभे आहात, साधारण तितकेच फूट रुंदीचं दृश्य फोटोत येतं. दहा फुटांवर उभे असाल, तर दहा फूट. हा मधला आकडा लक्षात ठेवा. त्याच दहा फुटांवरून २८ ला जवळपास तेरा फूट दिसतं, ४० ला नऊ फूट, आणि ५० ला सात फुटांच्या थोडं वर. बाकी सगळं यातूनच निघतं.

खोली, बाजार, शेत

आपल्याकडची दहा बाय दहाची खोली घ्या. भिंतीला पाठ टेकून उभे राहिलात, तरी कॅमेऱ्यापासून समोरची भिंत नऊएक फुटांवर येते. २८ ला साडेअकरा फूट दिसतं, म्हणजे पूर्ण भिंत आली आणि बाजूच्या भिंतींचा थोडा भागही आला. ३५ ला भिंत जेमतेम सुटते. ४० ला आठ फूट, म्हणजे फडताळ तरी कापलं जातं, नाही तर कोपऱ्यात बसलेली आजी तरी. मागे सरकायला जागाच नसते.

आता आठवडी बाजार. भाजी मांडून बसलेल्या मावशी आपल्यापासून पाच फुटांवर असतात. २८ ला साडेसहा फूट दिसतं: मावशी, त्यांचा काटा, शिवाय शेजारच्याची मिरची आणि त्याच्या गिऱ्हाईकाचा पाय. ४० ला साडेचार फूट: मावशी, काटा आणि पुढ्यातली भाजी. नजर कुठे ठेवायची, हे ४० तुमच्या वतीने ठरवते. २८ मध्ये ते काम तुम्हाला करावं लागतं, नाही तर फोटोत नुसती गर्दी होते.

जांब समर्थ, म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव, आमच्याच तालुक्यात. रामनवमीच्या गर्दीत खांद्याला खांदा लागतो आणि समोरचा माणूस दोन-तीन फुटांवर असतो. तिथे २८ च कामाची. उलट कापूस वेचणीचा फोटो काढायला गेलात, तर बाया पंधरा फूट आत असतात आणि मधे पीक असतं. २८ ला एकोणीस फुटांचं शेत येतं आणि माणूस बारीक दिसतो. ४० ला साडेतेरा फूट, तिथे जरा बरं.

चेहऱ्याचं काय?

"२८ ने नाक मोठं येतं" असं म्हणतात. नाक लेन्समुळे मोठं होत नाही, अंतरामुळे होतं. नाक कानापेक्षा साधारण १० सेंटिमीटर पुढे असतं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर नाक कानाच्या मानाने २५ टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवर गेलात की हाच फरक सात टक्क्यांच्या आत येतो. २८ ने चेहरा मोठा भरायचा, तर जवळ जावंच लागतं, म्हणून दोष तिच्या माथी बसतो.

अंतराचा दुसराही अर्थ आहे. गावात कुणी अनोळखी फोटोग्राफर नसतो. सगळे ओळखतात, "हा अमक्याचा पोरगा" म्हणतात. चोरून फोटो काढणं जमतही नाही आणि शोभतही नाही. २८ घेऊन जवळ गेलात, की आधी "राम राम, मावशी, एक फोटो काढू का?" म्हणावंच लागतं. मला ते आवडतं. ज्याला बोलायला संकोच वाटतो, त्याला ४० सोपी जाईल. म्हणून विचारायचं सोडून द्या, असं मात्र नाही.

क्रॉप आणि फोकस

रुंद फोटो नंतर कापता येतो, अरुंद फोटो नंतर रुंद करता येत नाही. जीआर थ्रीमध्ये २४ मेगापिक्सेल आहेत. ३५ इतकं कापलं तर १५ उरतात, ५० इतकं कापलं तर सात. बारा बाय आठचा प्रिंट १५ मधून आरामात निघतो. सातमध्येही चालून जातो, पण त्यापुढे ताणू नका.

फोकसमध्येही फरक आहे. एफ/८ ठेवून दोन मीटरवर फोकस लॉक केला, तर २८ च्या जीआरमध्ये साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ४० मध्ये तीच पट्टी सव्वा-दीड मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत. पळणारी पोरं टिपायची असतील, तर २८ ला चुकायला जास्त जागा आहे.

एक सूचना: या दोन्ही जीआरना धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. आपल्याकडच्या फुफाट्यात कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा.

मग ठरवायचं कसं?

मोठ्या नावांवरून ठरवू नका. कार्तिए-ब्रेसाँ मुख्यतः ५० वर काम करत, दाइदो मोरियामा रिकोचा २८ चा छोटा कॅमेरा घेऊन फिरत. दोघंही थोर, आकडे दोन टोकांचे.

त्यापेक्षा फोनमधले शेवटचे दोनशे फोटो उघडा. न जमलेले फोटो बाजूला काढा आणि वहीत दोन रकाने करा: "मागे सरकायला जागा नव्हती" आणि "पुढे जाता आलं नाही". पहिला रकाना भरला तर २८. दुसरा भरला तर ४०. दोन्ही सारखे असतील तर ३५. नंतर खात्री करून घ्या. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते. १.१ किंवा १.२ पट झूम म्हणजे २८, आणि १.५ ते १.७ पट म्हणजे ४० च्या आसपास. एकेका आकड्यावर पंधरा-पंधरा दिवस काढा, मध्ये बोटाने झूम करायचं नाही. खर्च शून्य.

मी २८ घेतली, त्याचं कारण सांगतो. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये आजीचे चार फोटो आहेत. सगळे स्टुडिओतले, मागे रंगवलेला पडदा. चेहरा छान आलाय. पण माळवदाच्या घरात तिची चूल कुठे होती, उजेड कुठून यायचा, उतरंड कुठे होती, हे दाखवणारा एकही फोटो नाही. आता तिथे स्लॅबचं घर आहे. आमच्या गावात अशी जुनी घरं दर वर्षी पडतायत, म्हणून मला माणसासोबत त्याची खोली हवी. चेहऱ्याचे फोटो माझ्या कॅमेऱ्यात थोडे मार खातात, ते मी मान्य केलंय. तुमच्या घरी घराचे फोटो भरपूर आणि माणसांचे कमी असतील, तर तुमचं उत्तर ४० असू शकतं, आणि ते तितकंच बरोबर.

तुमच्या दोन रकान्यांचा आकडा मला कळवा. पुढच्या भागात घरच्या घरी प्रिंट काढण्याबद्दल बोलू. तोवर राम राम.