बाळंतिणीचें समाधान



पुष्कळ वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर मास्तराला एक गोष्ट कळून चुकते. धडा संपवून "समजलें का?" असें विचारलें, कीं सारा वर्ग एका सुरांत "हो" म्हणतो. त्यांतल्याच एखाद्या मुलाला फळ्यापाशीं बोलावलें, कीं त्या होकाराचें खरें मोल उघडें पडतें. मुलें खोटें बोलत नसतात. पण प्रश्नच असा असतो, कीं दुसरें उत्तर देण्याचें धैर्य होत नाहीं. घरीं निघालेल्या बाळंतिणीला "आपलें समाधान झालें का?" असें रुग्णालयांत विचारतात, तेव्हां पुष्कळदां हेंच घडतें.

या प्रश्नाला आतां महत्त्व आलें आहे. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठीं 'लक्ष्य' नांवाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांत रुग्णालयाला पारितोषिक मिळण्याची एक अट अशी ठरविली, कीं निदान शेंकडा ८० लाभार्थींनीं आपण समाधानी असल्याचें सांगितलें पाहिजे. अट स्तुत्य आहे. परंतु तो आकडा कसा जमतो, हें पाहिल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

गोवंडीच्या शिवाजीनगर किंवा बैंगणवाडीसारख्या वस्तींतील स्त्रीचा विचार करा. तिची अपेक्षा मुळांतच बेताची असते: आपण वांचावें, मूल धडधाकट असावें, खर्च आटोक्यांत राहावा. एवढें साधलें, कीं कळांच्या भरांत कोणी दरडावलें, तपासतांना पडदा ओढला नाहीं, टांका घालण्यापूर्वीं कांहीं सांगितलें नाहीं, या गोष्टी ती हिशेबांत धरीत नाहीं. शिवाय भीड असते. मुलाच्या लसीसाठीं पुनः त्याच दारीं यावयाचें; तेथल्या माणसांना वाईट कसें म्हणावें? आणि सुखरूप सुटका झाल्याचा आनंद तर सारेंच विसरावयास लावतो.

या शहरांत याहून बऱ्या रीतीनें चौकशी झालेली आहे. नवजात अर्भकांच्या तज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९९९ सालीं स्थापन झालेल्या 'स्नेहा' संस्थेनें मुंबईंतील ४८ गरीब वस्त्या निवडल्या. गोवंडी ज्यांत मोडते तो एम-पूर्व विभागही त्यांत होता. वस्तींतल्याच स्त्रिया जन्मांची नोंद ठेवीत, आणि बाळंतपणानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं सविस्तर माहिती घेतली जाई. २००५ पासूनच्या दोन वर्षांत नोंदलेल्या १०,७५४ जन्मांपैकीं १,७०८, म्हणजे शेंकडा १६, घरींच झालेले आढळले. वस्तीपरत्वें हें प्रमाण शेंकडा ६ पासून २४ पर्यंत होतें. सर्वांत अधिक सांगितलीं गेलेलीं कारणें दोन: घरची रीत, आणि रुग्णालय गांठण्यास न मिळालेला अवधि.

रुग्णालयाच्या दारांत भरून घेतलेला कागद या १,७०८ जणींपर्यंत कधींच पोंचला नसता! जी आलीच नाहीं, तिचें समाधान कोण विचारणार? आणि 'रीत' या एका शब्दांत ओळखीचीं माणसें, आपली बोली आणि हातांत धरलेला हात, एवढें सारें सामावलेलें असतें. पुढें काळ बदलला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा सुमारें ९५ प्रसूति रुग्णालयांत झाल्याचें दिसलें. आतां प्रश्न उरला, तो तेथें मिळणाऱ्या वागणुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं प्रसूतीच्या वेळीं स्त्रीच्या पसंतीचें माणूस जवळ असावें, अशी शिफारस केली, ती याचसाठीं.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव कांहीं तासांत प्राण घेऊं शकतो. मागच्या खेपेच्या धाकानें जी घरीं तासभर रेंगाळली, तिचा तो तास जिवावर बेतूं शकतो.

म्हणून विचारावयाचें, तर घरीं जाऊन, कांहीं आठवड्यांनीं, रुग्णालयाशीं संबंध नसलेल्या बाईनें विचारावें. "समाधान झालें का?" असें न विचारतां "किती वेळ थांबलांत? जवळ कोण होतें? काय करणार तें आधीं सांगितलें का? कोणी ओरडलें का?" असें एकेक विचारावें. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईलाही, तिची इच्छा असेल तर, असेंच निवांत विचारून पाहा. पहिलें उत्तर "सगळें ठीक होतें" असेंच येईल. तेथेंच थांबूं नका. खरें उत्तर त्यानंतर येतें.