रोमच्या बायका चौकात आल्या तेव्हा...

आपल्याकडे काही घरांत अजूनही लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून नवरीचं नाव बदलतात. प्राचीन रोममध्ये अशी पद्धत नव्हती. पण मैत्रिणींनो, लगेच खूश होऊ नका! तिथे मुलीला वेगळं असं नावच नसायचं. बापाच्या कुळाचं नाव तेच लेकीचं. कॉर्नेलियस घराण्यात जन्मलेली प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. आणखी एक झाली तर तिला चक्क ‘तिसरी’ म्हणायचं!

या बाईला मत देता येत नसे, पद मिळत नसे. वडील गेल्यावरही मोठ्या व्यवहाराला एखाद्या पुरुष पालकाची संमती लागे. नाही म्हणायला एक गोष्ट तिच्या बाजूची होती. वडिलांच्या मिळकतीत मुलीचाही वाटा असे. त्यामुळे बऱ्याच जणींकडे स्वतःचा पैसा होता, सोनं होतं. आणि त्याला हात लागला, तेव्हा या बायका गप्प बसल्या नाहीत.

इ.स.पू. २१६ मध्ये हॅनिबलने कॅनीच्या लढाईत रोमची दाणादाण उडवली. पुढच्याच वर्षी ‘ओपियन कायदा’ आला. बाईने अर्ध्या औंसापेक्षा, म्हणजे तोळा-सव्वा तोळ्यापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही. रंगीबेरंगी वस्त्रं घालायची नाहीत. धार्मिक सण सोडले तर शहरात गाडीतून फिरायचं नाही. अडचणीच्या काळात बायकांनी ते सोसलं. पण युद्ध संपलं, सुबत्ता आली, तरी कायदा जागच्या जागी! पुरुष मात्र जांभळ्या काठाची वस्त्रं मिरवतच होते.

इ.स.पू. १९५ मध्ये कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि बायका घराबाहेर पडल्या. लिव्ही या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की नवऱ्यांनी अडवूनही त्या थांबल्या नाहीत. फोरम म्हणजे तिथला मुख्य चौक. तिकडे जाणाऱ्या वाटा त्यांनी अडवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना गळ घातली. आसपासच्या गावांतूनही बायका आल्या. केटोसारख्या वजनदार नेत्याने कडाडून विरोध केला. दोन अधिकारी प्रस्ताव अडवून धरणार होते. बायकांनी त्यांच्या दाराशीच ठिय्या दिला. शेवटी ते नमले, कायदा गेला.

पुढे दीडशे वर्षांनी, इ.स.पू. ४२ मध्ये, पुन्हा तीच वेळ आली. सत्ता अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या तिघांच्या हाती होती. यादवी युद्धासाठी पैसा कमी पडला, म्हणून त्यांनी १४०० श्रीमंत बायकांवर कर लादला. बायकांनी आधी बाईमाणसाकडेच दाद मागितली. ऑक्टेव्हियनची बहीण आणि अँटनीची आई नीट बोलल्या. अँटनीची बायको फुल्व्हिया हिने मात्र दारातूनच परत पाठवलं. मग त्या थेट फोरममध्ये गेल्या. हॉर्टेन्सिया नावाची बाई सगळ्यांच्या वतीने उभी राहिली.

तिचं म्हणणं सरळ होतं. परक्या शत्रूशी लढायचं असेल, तर आमच्या आयांनी दिले तसे आम्हीही दागिने देऊ. पण तुमच्या आपसातल्या भांडणासाठी नाही. पदात, मानात, सत्तेत आम्हाला वाटा नाही, मग कर कशाचा?

तिघे संतापले, बायकांना हाकलायला निघाले. पण जमलेल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि त्यांना थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी १४०० चा आकडा ४०० वर आला आणि पैसेवाल्या पुरुषांनाही भार उचलावा लागला.

अर्थात, ही लढाई पैसेवाल्या बायकांची होती. त्यांचे केस विंचरणाऱ्या, पाणी भरणाऱ्या गुलाम बाईला ना सोनं होतं, ना चौकात बोलायची मुभा. हेही विसरून चालणार नाही.

हॉर्टेन्सिया हे नावही बापाचंच. तिचे वडील हॉर्टेन्सियस मोठे वक्ते होते. पण सव्वाशेहून जास्त वर्षांनी क्विंटिलियन या नामवंत शिक्षकाने लिहिलं, की तिचं भाषण अजून वाचलं जातं, आणि तेही केवळ बाईचं म्हणून कौतुकाने नव्हे. नाव बापाचं असेल, पण त्या दिवशी चौकात घुमलेला आवाज तिचा स्वतःचा होता.