भूमिचिकित्सा : परभणीची काळी माती, घरचा भाजीमळा आणि औषधशाळेतील चोथा

औषधी वनस्पती कोणत्या भूमीतून घ्यावी, याचा विचार सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या छत्तिसाव्या अध्यायात केला आहे. खड्डे, खडे, दगड, वारुळे, वाळू यांनी दूषित झालेली आणि क्षारयुक्त जमीन त्यांनी त्याज्य ठरविली. स्निग्ध, मृदू, स्थिर, सपाट, पाण्याजवळची भूमी प्रशस्त मानली. औषधाच्या बाबतीत हा विवेक आपण आजही सांगतो. परंतु रुग्णास पथ्य म्हणून पडवळ, दोडका, दुधी, तांदुळजा सांगताना ती भाजी कोणत्या मातीत वाढली, हे आपण क्वचितच विचारतो. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधूंच्या व औषधनिर्मात्यांच्या घरी गावाकडे दहा-वीस गुंठ्यांचा भाजीमळा असतो. निदान तेथील माती तरी आपल्या हाती आहे. तिची चिकित्सा नैसर्गिक उपायांनी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम निदान

परभणी जिल्ह्यातील बहुतांश जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चिकण माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चुनखडीचे प्रमाण पुष्कळ असल्याने सामू बहुधा आठच्या आसपास असतो. पालाश मुबलक, परंतु सेंद्रिय कर्ब, नत्र व स्फुरद कमी, आणि जस्त व लोह यांची कमतरता, हे येथील सर्वसाधारण चित्र आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात नदीकाठची कित्येक शेते खरडून नेली. जो वरचा थर वाहून गेला, त्यातच सेंद्रिय अंश सर्वाधिक असतो.

येथे एक गोष्ट वैद्यांना सहज उमगेल. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे लक्षण दिसले म्हणजे मातीत लोह नाहीच असे नव्हे. लोह असते, परंतु चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. अन्न आहे, पण अग्नी मंद आहे, अशी ही अवस्था होय. अशा वेळी केवळ अन्न वाढविण्याने भागत नाही. मातीतील सूक्ष्मजीवांचे पाचनकार्य पूर्ववत करावे लागते. सेंद्रिय खताचे खरे कार्य हेच आहे. ते पोषण देते, चिकण मातीचे कण रवाळ करते, पाण्याचा निचरा सुधारते आणि ओलही धरून ठेवते.

म्हणून परीक्षणावाचून उपचार करू नये. मळ्यात दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा सुमारे वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढावी, एकत्र मिसळावी, समोरासमोरचे चतुर्थांश वगळत अर्धा किलो नमुना उरवावा आणि मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. बांध, झाडाखालची जागा व खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). त्याचे मार्गदर्शन जिल्ह्यातील शेतकऱ्यास जवळच उपलब्ध आहे.

अपथ्य

चुलीतील राख व चुना टाकल्याने जमीन सुधारते, ही समजूत आम्लधर्मी जमिनीपुरती खरी आहे. आपल्या विम्लधर्मी मातीत ती अपथ्यच ठरते. दुसरे अपथ्य म्हणजे कच्चे शेण. न कुजलेले शेण हे मातीला 'आम'च होय. त्यातून हुमणी, वाळवी आणि तणांचे बी मळ्यात येते. तिसरे म्हणजे ओल्या मातीत काम करणे. काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी खोदकाम केले की ढेकळे दगडासारखी वाळतात आणि ते नुकसान हंगामभर भरून निघत नाही.

नाडेप पद्धती

थोड्या शेणात भरपूर खत करण्याची पद्धती आपल्याच महाराष्ट्राने दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. विटांमध्ये हवेसाठी छिद्रे ठेवून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बांधावे. त्यास सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते. काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असा क्रम टाके काठाच्या वर दीड फुटापर्यंत भरेतो ठेवावा आणि माती-शेणाने लिंपून घ्यावे. दोन-तीन आठवड्यांत थर खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपावे. ओल टिकवून भेगा बुजविल्यास तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते.

भाजीपाल्यासाठी हेक्टरी २० ते २५ टन कुजलेले खत सांगितले जाते. म्हणजे गुंठ्यास सुमारे २०० ते २५० किलो. एका टाक्यातून दहा-बारा गुंठ्यांचा मळा भागतो, हे यावरून ध्यानात येईल. पऱ्हाट्या, तुरकाट्या, सोयाबीनचे भुसकट यांना बांधावर काडी लावण्याऐवजी बारीक तुकडे करून टाक्यात घालावे.

चोथ्याचे मोल

औषधनिर्मात्या बंधूंकडे याहून वेगळी संपत्ती आहे. क्वाथ, आसव-अरिष्टे यांच्या निर्मितीनंतर उरणारा चोथा बहुतेक ठिकाणी उकिरड्यावर जातो. हा वनस्पतिज अंश मातीचे उत्तम अन्न आहे. तथापि त्याचा वापर विवेकाने करावा.

काष्ठमय चोथ्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. म्हणून तो शेणकाल्यात भिजवून हिरवा पाला, भाजीची देठे यांच्यासह थरांत घालावा. अर्जुन, खदिर, बाभूळ यांच्या साली आणि हरीतकी कषायरसप्रधान असल्याने सावकाश कुजतात. त्यांचे प्रमाण एका थरात कमी ठेवावे. आसवांचा आंबट गाळ आधी पसरून वाळवावा. तैलनिर्मितीतील कल्क थोडाच घालावा, कारण तेलामुळे हवा कोंडते. भल्लातकाचे अवशेष हाताळणाऱ्याच्या त्वचेस अपाय करतात, म्हणून ते वेगळेच ठेवावेत.

रसौषधींचे धोवण, खरलातील अवशेष किंवा भस्मांची राख मात्र कोणत्याही परिस्थितीत टाक्यात जाऊ देऊ नये. निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून शिसे, पारा, आर्सेनिक व कॅडमियम यांची चाचणी बंधनकारक झाली. त्यात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, तर कॅडमियमची अवघी ०.३ भाग आहे. धातू कुजत नाही. आज मातीत गेलेले शिसे नातवंडांच्या काळातही तेथेच असेल आणि पालेभाजीतून ताटात येऊ शकेल. न निवडलेल्या शहरी कचऱ्याचे खतही याच कारणास्तव टाळावे.

हिरवळ आणि आच्छादन

खरिपात मळ्याचा एक भाग पाळीपाळीने मोकळा ठेवून त्यात ताग पेरावा. फुलोरा येऊ लागताच, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, तो कापून मातीत गाडावा आणि दोन-तीन आठवड्यांनंतरच लागवड करावी. बांधावर गिरीपुष्प लावल्यास पाल्याचा पुरवठा वर्षभर होतो. उन्हाळी भाज्यांच्या वाफ्यांवर वाळल्या पाल्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते व भेगा कमी पडतात. चाचणीत जस्ताची कमतरता आढळल्यास, तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरलेली मात्रा कुजलेल्या खतात मिसळून द्यावी. नैसर्गिकतेचा आग्रह असावा, पण उणीव सिद्ध झाल्यावर ती नाकारण्यात शहाणपण नाही.

उपसंहार

आपल्या उष्ण हवामानात सेंद्रिय कर्ब लवकर जळतो. त्यामुळे एकदा खत घालून माती सुधारत नाही; दरवर्षीचा नियमित उपक्रम हाच तिचा उपचार आहे. वाफ्यात गांडुळे दिसू लागणे, ढेकूळ हाताने सहज फुटणे आणि पाऊस थांबल्यावर वाफ्यात पाणी साचून न राहणे, ही सुधारणेची लक्षणे समजावीत.

वैद्यबंधूंनी येत्या उन्हाळ्यात आपल्या मळ्यातील मातीचा नमुना तपासून घ्यावा आणि औषधनिर्मात्यांनी चोथ्याचा पहिला थर टाक्यात घालावा, एवढीच विनंती. जी भूमी आपल्याला औषध देते, तिला निर्दोष अन्न परत करणे हा वैद्यकर्माचाच भाग होय. इत्यलम्.